बिनचरबीचा खिमा

शैलानं चिकनचा बिनचरबीचा खिमा मळून बर्गरच्या तीन टिक्क्या थापल्या आणि पाव आणायला ती गच्चीतून आत गेली.

"चिकनचा बर्गर? आजाऱ्याचं जेवण!" म्हणत तिचा नवरा दर रविवारी चरबीदार मटणाच्याच टिक्क्या भाजायचा. टिक्की फुगू नये म्हणून मधोमध अंगठा दाबायचा. मार्चमध्ये त्याचं हृदय बंद पडलं.

ती परतली तेव्हा तिन्ही टिक्क्यांच्या मधोमध खळगा होता.

"तू अंगठा दाबलास?" तिनं शेगडीला वारा घालणाऱ्या लेकीला विचारलं.

"मी हातही लावला नाही. पण आई, तीन कशाला? आपण दोघीच ना?"

शैलानं खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. भोवती बरीच जागा उरली.

तिनं तिन्ही टिक्क्या जाळीवर ठेवल्या. "आता तरी मुकाट्यानं खा," ती निखाऱ्यांकडे बघत म्हणाली.