ज्ञानबाची हाळी

"हा न्हाई चालत, काका," म्हणत प्रतिक्षानं माईक काउंटरवर ठेवला. "दुसरा दाखवा."

दत्तप्रसाद मनातून चिडला. आखाडा बाळापुरात फोटो स्टुडिओ चालवता चालवता त्याचे केस पिकले होते. लग्नाच्या शूटिंगमध्ये नवरीचा हुंदकासुद्धा सुटू न देणारा माणूस तो. आणि ही काल-परवाची पोरगी त्याला आवाजातलं शिकवून राहिली होती!

पोरीजवळ व्लॉगिंगचा कॅमेरा होता, जुना पण जपलेला. मेंढरांमागं फिरताना ती त्यावर व्हिडिओ करायची. पण कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकात आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा, म्हणून वरून लावायचा माईक पाहिजे होता. फार महागाचा नको. पण आबाचा आवाज हुबेहूब आला पाहिजे, आणि माईक आजच पाहिजे.

आबा म्हणजे तिचा बाप, ज्ञानबा. गळ्याला उपरणं गुंडाळून तो स्टुलावर बसला होता. दुकानाच्या मागच्या वावरात खतासाठी त्यांचीच मेंढरं बसवली होती, तिकडूनच दोघं आले होते. माणूस भलताच घुमा. दत्तप्रसादनं राम राम घातला, तर त्यानं नुसते हात जोडले. किंमत सांगितली, तर मान हलवली. मेंढरांच्या बाजारात उभं आयुष्य गेलेला माणूस घासाघीस करत नाही, हे दत्तप्रसाद पहिल्यांदाच पाहत होता.

दत्तप्रसादनं दुसरा माईक कॅमेऱ्याला जोडला. "आबा, या खेपंला दोन शब्द बोला की माईकसमोर. म्हणजे कसा येतो ते कळंल."

"आबा बोलणार न्हाईत," पोरगीच म्हणाली. "नुसती हाळी देतील."

मग तिनं मघासारखंच केलं. दुकानाचं मागचं दार घट्ट लावून घेतलं आणि कॅमेरा बापासमोर धरला. ज्ञानबानं उपरणं सैल केलं, डोळे मिटले आणि कळपाला घालायची हाळी घातली. "हिर्र... येऽ येऽ येऽ... हुर्रर्र!"

लगेच तिनं मागचं दार सताड उघडलं. दत्तप्रसादचा लग्नाच्या ऑर्डरीचा स्पीकर उंबऱ्यावर नेऊन ठेवला आणि हाळी वाजवली. वाजत असताना ती स्वतः पाठ फिरवून बाहेर बघत राहिली. लांबून कसा ऐकू येतो ते बघत असेल, असं दत्तप्रसादला वाटलं.

थोड्या वेळानं तिनं मान हलवली. "न्हाई."

"अगं काहून न्हाई? बिनवायरचा माईक हाय हा, सगळा गोंगाट गाळून टाकतो. किती स्वच्छ आलाय बघ!"

"लईच स्वच्छ आलाय, काका. आबाची खरखर गेली त्याच्यातून."

"खरखर जायालाच पाहिजे की!"

"तीच तर पाहिजे."

दत्तप्रसादनं कपाळाला हात लावला. "मग असं कर बाई. आबाचा घसा जरा बसलेला दिसतो. चार दिवस हळदीचं दूध दे, घसा मोकळा झाला की घेऊन ये. मग बराबर जमंल."

"चार दिवस कुठं हायेत, काका? सोमवारी नांदेडला जायचंय."

एवढं बोलली आणि पोरीचे डोळे भरून आले. ज्ञानबानं तोंड दुसरीकडं वळवलं.

आत्ता दत्तप्रसादच्या ध्यानात आलं. अरेरे, सोयरीक जमलेली दिसते! मेंढरामागं वाढलेली पोर नांदेडला नांदायला चालली, आणि बापाचा आवाज तेवढा संगं नेऊन राहिली. मागच्या उन्हाळ्यात त्याची लेक अंजली सासरी गेली होती. साऱ्या गावाची लग्नं टिपणाऱ्या बापानं तिच्या लग्नात सनई टिपली, पाहुणे टिपले, जेवणाची पंगत टिपली. अंजलीचा आवाज मात्र त्या व्हिडिओत कुठंच नव्हता. त्या दिवसापासून घर त्याला खायला उठायचं, पण हे तो बायकोलाही सांगू शकला नव्हता.

तो खुर्चीवर चढला. कपाटावरून एक लांबट माईक काढला आणि त्याच्या केसाळ टोपऱ्यावरची धूळ झटकली.

"हा माझा स्वतःचा हाय. जुना झालाय, पण जसं ऐकतो तसंच ठेवतो, आपल्या मनानं काही गाळत न्हाई. पैशाची काळजी करू नको, आपण परवडंल असं बघू."

दार पुन्हा बंद झालं. ज्ञानबानं घोटभर पाणी पिलं, भिंतीला हात टेकला आणि हाळी दिली. सगळा जीव गोळा करून दिली. शेवटाला खोकल्याची उबळ आली तसा तो गळा धरून खालीच बसला.

प्रतिक्षानं दार उघडलं आणि स्पीकर सुरू केला.

आधी वावरात एक घंटी वाजली. मग दुसरी. मग सगळा कळपच उठला आणि धुरळा उडवत दुकानाकडं पळत आला. पुढची मेंढी तर उंबऱ्यावर पाय देऊन स्पीकरला नाक लावायला लागली. आतल्या कोपऱ्यात बसलेल्या ज्ञानबाकडं एकीनंही पाहिलं नाही.

दत्तप्रसादनं टाळीच वाजवली. "अरे वा रे वा! हेच टाक तुझ्या चॅनलवर! लोक वेडे होतील!"

पण पोरगी मेंढीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती. ज्ञानबानं उपरण्यात तोंड खुपसलं होतं. दत्तप्रसादनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नकोस, बाई. सासरी रोज लावून ऐक आबाची हाळी. माझ्या अंजलीचं मला एवढंही जमलं न्हाई."

प्रतिक्षानं पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली.

"मी कुठं चालले, काका? ह्या मेंढरांमागं आता मलाच फिरायचंय. ती आबाच्या बिगर कुणाच्याच हाळीला येत न्हाईत. आन् सोमवारी डॉक्टर आबाच्या घशातली आवाजाची पेटी काढून टाकायलेत."