आमेन होईपर्यंत

या, जरा सरकून जवळ बसा. दौंडच्या प्रेमाबाईच्या घरची गोष्ट सांगतो. रेल्वेचा संप चालू होता आणि संपातल्या पोरांना पोलीस घरात शिरून उचलत होते. दिवेलागणीला घरची प्रार्थना सुरू होणार, तेवढ्यात तिचा संपातला लेक बन्यामीन म्हणाला, "बाबा, आज कडी घाला. वॉरंट नसंल तर पोलिसाला दारात आडवता येतं, वकीलसाहेब म्हनले."

"प्रार्थनेला आपलं दार कवा लावलंय का?" तिचा नवरा विल्यम म्हणाला. "कुनी शेजारी आला तर? बस खाली."

सगळ्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने घरात बूट वाजले. आमेन होईपर्यंत कोणी हात लावणार नाही, या भरवशावर विल्यम प्रार्थना वाढवत गेला. आजाऱ्यांसाठी, पिकासाठी, पोलिसांसाठीसुद्धा.

"चालू द्या म्हातारबा तुमचं," कोणीतरी हसलं.

प्रेमाबाईने डोळे उघडले नाहीत. लेकानेही हाक मारली नाही. प्रार्थना मोडायची नसते. तिने डोळे उघडले तेव्हा शेजारची घोंगडी रिकामी होती.

"कोणी नेला, ओळखाल?" वकिलाने पुढे विचारलं.

"डोळं मिटलं व्हतं," ती म्हणाली.

बन्यामीन परत आला नाही. त्या घरात अजून रोज प्रार्थना होते, दार उघडंच असतं. विल्यम बोलत राहतो आणि मग नुसता गप्प होतो. आमेन कोणीच म्हणत नाही. तुम्ही तुमच्या घरी म्हणाल, तेव्हा बन्यामीनची तेवढी आठवण काढा.