घरात मूल नाही

सत्तावीस विद्यापीठांना अर्ज धाडल्यावर रक्षिताला पोस्टडॉकच्या एका ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं. घरात तान्हं मूल आहे हे कळलं तर संधी गेलीच, या धास्तीनं तिनं भिंतीवरचे फोटोसुद्धा उतरवले.

"आयतु, ठरलं! मी नेते याला नंजनगूडच्या देवळात. तू निवांत बोल गं," असं कानडीमिश्रित मराठीत म्हणत सासूबाई बाळाला घेऊन सकाळच्या बसनं गेल्या.

प्रबंधावरची चर्चा रंगात आली आणि बाळ रडल्याचा आवाज आला. रक्षिता ताडकन उठली आणि "शू शू, आले हं राजा" म्हणत रिकामा खांदा थोपटत डोलू लागली. मग आठवलं, बाळ तर नंजनगूडला!

पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या प्रोफेसर मॅडम रडणाऱ्या लेकराला मांडीवर घेत म्हणाल्या, "माझं आठ महिन्यांचं. तुमचं?"