घोट

शप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता पडोत!

सकाळच्या बातम्या संपल्या आणि सुनेने लेकीच्या, ठमीच्या, डब्याशेजारचं चॉकलेटी दुधाचं पाकीट उचलून उजेडात धरलं. पाकिटबंद पेयांत घालतात त्या दूध पावडरीत म्हणे भलतंच काहीतरी सापडलं होतं. कुठल्या कंपनीच्या, ते काही सांगितलं नव्हतं. ठमी हेच दूध रोज शाळेत न्यायची. सुनेचा नवरा हे दूध बनवणाऱ्या कारखान्यातच चव घेण्याच्या कामाला. जीभ अशी, की एका घोटात सांगेल, गाय काल कुणाशी भांडली होती!

“अहो, हे दूध तुम्ही कधी पिता?”

“दिवसभर तोंडात तेच तर असतं.”

“तोंडातलं नाही विचारलं. घरी कधी प्यायलेलं पाहिलं नाही मी.”

“स्वयंपाक्याला स्वतःच्या हातचं गोड लागतं का?”

सुनेने पाकिटाचा कोपरा कात्रीने कापला, ग्लास काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. “प्या.”

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली त्याची आई म्हणाली, “पी की रे. लहानपणी एरंडेल पाजायला तुला चौघं धरायची. आता आमच्यात तेवढा जोर नाही.”

त्याने घोट घेतला. डोळे मिटले. या गालातून त्या गालात फिरवला. उठला, बेसिनपाशी गेला, आणि थू!

लसूण सोलणारे हात थांबले.

“अगं, सवय आहे ती! आमच्या कामात गिळत नाहीत. सगळं गिळत बसलो तर पोटाचं पिंप होईल.”

“मग काय म्हणाली जीभ?”

“साखर जरा जास्त आहे.”

“साखरेचं विचारलं का मी?”

दारात ठमी दप्तर पाठीला लावून उभी, एकदा आईकडे बघते, एकदा बाबांकडे.

“हे बघा,” सून म्हणाली, “पोरगी रोज गिळते. तुम्ही एकदा गिळा.”

त्याने पुन्हा घोट घेतला. गाल फुगले. नजर बेसिनकडे गेली, तिथून ठमीकडे वळली. गळ्याची घाटी वर चढली, क्षणभर अडकली, आणि खाली आली. गिळलं!

सुनेने ठमीच्या दप्तरातलं दुसरं पाकीट काढून घेतलं आणि पाण्याची बाटली ठेवली.

सगळं अस्संच घडलं. एवढंच, की घाटी खाली आली, ते माझ्या पदरचं. आई आहे मी त्याची. चारचौघांत काय सांगू, दोन्ही वेळा थुंकला म्हणून?