माय बाग बघायला येते

भिकन फाटकातून आत शिरला तेव्हा माय नदीकडच्या बाकावर येऊन बसली होती. भुसावळकडची गाडी आज वेळेआधी आली असावी. संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिला इथेच गुंतवून ठेवायचं होतं.

"कसा शे रे?" धुरपदाबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळी गया."

"बरा शे माय. कारखान्यात काम वाढलंय."

तो कारखाना बंद पडून चार महिने झाले होते. आधी माग थांबला, मग खोली गेली. तेव्हापासून भिकन लोटूच्या ओट्यावर निजत होता. लोटू हा त्याचा मागावरचा जुना सोबती. अंगातला सदराही त्याचाच. दिवसभर भिकन काम शोधे, आणि कुणी उभं केलं नाही की या गांधीबागेत येऊन बसे. घरी पत्रात लिहायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने बागच लिहिली होती. गुलाबाचे वाफे, शेजारच्या किल्ल्याचा बुरूज, भरतीच्या वेळी उलटं वर चढणारं तापीचं पाणी.

मग मायचं कार्ड आलं, लोटूच्या पत्त्यावर. रविवारी येते, संध्याकाळी परत जाते. स्टेशनावर येऊ नको, तुझी ती बाग बघायची आहे.

आणि आता ती बघत होती. प्रत्येक वाफ्यापाशी थांबत होती. घसरगुंडीवर ओरडणाऱ्या पोरांकडे पाहून हसत होती. भिकनचं लक्ष मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांवर होतं. कुणी ओळखीचं भेटलं तर?

भेटलाच. हातातली रबरी नळी खाली टाकून माळी लांबूनच गुजरातीत ओरडला, "केम भिकन, आजे नहावुं नथी?"

भिकनचे कान तापले. रोज सकाळी तो इथल्याच नळावर अंघोळ करायचा.

"काय म्हनस तो?" मायने विचारलं.

"विचारतो, आज कामावर नाही का गेलास."

धुरपदाबाईने नळाकडे पाहिलं. मग नदीकडे.

"मानूस चांगला दिखस," ती म्हणाली.

दुपारी तिने फडकं सोडलं. भाकरी आणि ठेचा. भिकनने पहिले चार घास न चावताच गिळले. मग त्याला भान आलं आणि तो सावकाश खाऊ लागला. मायने आपली अर्धी भाकरी त्याच्याकडे सरकवली.

"दादा-वहिनी कशी आहेत?"

"बरा शेतस समदा."

"घर शाकारलं का?"

"जेव तू आते."

आता ती म्हणेल, चल, तुझी खोली दाखव. त्याने उत्तर ठरवून ठेवलं होतं: सोबतचा माणूस तापाने पडलाय, तुला लागण होईल. पण तिने खोलीचा विषयच काढला नाही, आणि त्यानेच त्याला जास्त धास्ती वाटू लागली. तीन वाजता तोच उठला.

"चल, पूल दाखवतो."

होप पुलाच्या मधोमध दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. खाली भरती लागली होती. होड्या डोलत होत्या, किल्ल्याची सावली पाण्यावर पडली होती.

"आपला गावकडतीन येस ना हाई पानी?"

"हो. पण आता बघ, परत वर चाललंय."

ती बराच वेळ बघत राहिली. वाऱ्याने तिचा पदर उडत होता. भिकनला वाटलं, सांगून टाकावं. काही नाही माय, काम नाही, खोली नाही, मला घेऊन चल. शब्द ओठांपर्यंत आले.

"गाडी चुकी जाई," ती एकदम म्हणाली. "चाल."

स्टेशनात तो हळूहळू तिकिटाच्या खिडकीकडे वळला. खिसा रिकामा होता. तिनेच हात धरून ओढलं.

"मनाकडे शे परतनं तिकीट."

गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून हसत होती. "जीवले जप," एवढंच म्हणाली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत भिकन उभा राहिला. मग फलाटावरच बसला. दिवस निभावला होता. तिला काही कळलं नव्हतं.

उधना पहिलंच स्टेशन. गाडी थांबली तशी धुरपदाबाई उतरली, रूळ ओलांडून पांडेसऱ्याच्या वाटेला लागली. रंगाईच्या कारखान्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये कामगार बाया राहत. महिन्यापासून तिच्याशेजारी निजणाऱ्या सरलाबाईने तिला बघून चटईवर जागा केली.

"मोठा पोऱ्यानी तुले घरमाईन काढी दिधं, हाई सांगं का भिकनले?"

"नही," धुरपदाबाई म्हणाली. "त्याले वाटस, गावले आपलं घर शे. वाटू दे."