स्पेसबारवरचा डाग

"काका, लॅपटॉप रीसेट करायच्या आधी काकूंचे फोटो, व्हिडिओ सगळे काढून घेतले होते. आता परत टाकलेत, एकही गेला नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "आणि कीबोर्ड कसला मळला होता! तोही लख्ख पुसून दिलाय."

काकांचं लक्ष स्पेसबारकडे गेलं. काळाभोर, कोरा.

काकू रेसिपीचा व्हिडिओ लावून स्वयंपाक करायच्या आणि हळदीच्या बोटानंच तो थांबवायच्या. त्या बोटाचा पिवळा डाग त्या गेल्यावरही तिथंच होता. फाईली जपायला काकांनी दहादा बजावलं होतं. डागाचं सांगायला सुचलंच नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मिसळणाच्या डब्यातल्या हळदीत ओलं बोट बुडवलं आणि स्पेसबारवर टेकवलं.

डाग पडला, रंगही तोच. पण केवढा रुंद! तिचं बोट किती बारीक होतं.