मागचं दार

वाक्य पुन्हा परत आलं होतं. तिने ते पुसलं, चहाचं आधण ठेवलं, येऊन बघते तो जिथल्या तिथे: 'आग लागली तेव्हा दरवान आपल्या जागेवरच होता. त्याने मागील दार उघडून अनेकांना बाहेर काढले व अखेर स्वतः आत अडकला.'

दरवान म्हणजे तिचे बाबा. पान होतं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं, जुन्या थिएटरच्या आगीचं. कुणीही यावं, चार ओळी घालाव्यात, कुणीही पुसाव्यात. फक्त हिने पुसलेलं टिकत नव्हतं. खाली कुणा स्वयंसेवकाची शहाणी टीप होती: 'वैयक्तिक आठवण हा पुरावा नाही. कृपया छापील संदर्भ द्यावा.' त्या वाक्याला मात्र छापील संदर्भ होता, वर्तमानपत्राचा. आणि वर्तमानपत्राने ते घेतलं होतं याच पानावरून. दोघांचं आपलं अहो रूपम् अहो ध्वनिः! उद्या थिएटरच्या जागी दगडी पाटी बसायची होती, तीही हेच वाक्य घेऊन.

खालच्या दुकानातले शिंपीकाका पाय ओढत वर आले. उद्यासाठी शिवलेला आईचा कोट त्यांच्या हातावर होता. आगीनंतर कित्येक वर्षं हाच माणूस या मायलेकींना जिन्यात बघून तोंड फिरवायचा.

"काका, तुमचा पाय कसा मोडला होता हो?" तिने विचारलं.

"चेंगराचेंगरीत. तुझ्या बाबांनी कॉलर धरून ओढलं नसतं ना मला मागच्या दारातून, तर आज कुठला मी!"

"तुम्ही खिडकीतून उडी मारली होती. मागच्या दाराला कुलूप होतं म्हणून. सगळ्या गल्लीला सांगायचात."

"कुलूप?" काका गोंधळले. थापा मारणारा चेहरा तिला लगेच ओळखू येतो, उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. हा चेहरा तसला नव्हता. "काहीतरीच काय! अगं, त्यांचा हात अजून जाणवतो मला. इथे, मानेवर." मान चोळत ते जिना उतरून गेले.

आई कोटाची बटणं लावून बघत होती.

"आई, तुला तरी आठवतंय ना? त्या संध्याकाळी मला ताप होता. तू कामावर होतीस. बाबा खेळ चालू असताना मागच्या दाराला कुलूप घालून घरी आले. माझ्या कपाळावर हात ठेवून बसले होते. किल्ल्या कमरेलाच होत्या, ते वाकले की उशीवर वाजायच्या. बंबाची घंटा ऐकली आणि तसेच धावत गेले."

"ते जागेवरच होते," आई म्हणाली. "सगळे तेच सांगतात. पाचामुखी परमेश्वर."

"तूच म्हणायचीस, तुझ्या तापापायी गेले ते, आणि आत अडकलेल्या लोकांनाही घेऊन गेले. माझी वेणी घालताना म्हणायचीस."

"मी? पोटच्या पोरीला असं कोण म्हणेल?" आईची बोटं बटणावर थांबली. "आणि म्हटलंही असेल कधी रागाच्या भरात. आता त्या पानानं सोडवलंय ना तुला त्यातून? मग हो की मोकळी! किती दिवस तेच उगाळत बसणार आहेस?"

तिला चीड आली होती, रडूही आलं होतं. पण खरं सांगायचं तर क्षणभर छातीवरचं ओझं उतरलं, बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

"मग कपाळावर हात कुणाचा होता?"

"तापात माणसाला काय काय भास होतात," आई म्हणाली आणि कोट घालून बघायला आत गेली.

बाबांचं तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. त्यांचा चेहराही तिला फोटोतलाच ठाऊक. तो एक हात तेवढा होता. अपराधाची बोचणी सोसून तिने तो इतकी वर्षं जपला होता.

तिने लॅपटॉप मिटला. लहानपणापासून मिटायची तसे डोळे मिटून घेतले आणि वाट बघत बसली.

हात आला. तोच रुंद, गार हात कपाळावर टेकला. तिने कान देऊन ऐकलं. किल्ल्या वाजल्या नाहीत. बाहीला मात्र धुराचा वास होता.